रिमोट ऐकत नाही, तेव्हा…

(घरातले एखादे यंत्र कधी चालते, कधी चालत नाही. अशा वेळी ते ठोकून पाहण्यापेक्षा क्रमाने विचार केला, तर दोष सापडतो. ही विचार करण्याची पद्धत रिमोटच्या उदाहरणावरून या पाठात सांगितली आहे.)

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात नाकाडोंगरी नावाचे गाव आहे. मध्य प्रदेशाची सीमा येथून जवळच आहे. आज अशा गावांतील अनेक घरांतही टीव्ही दिसतो. टीव्हीखाली सेट टॉप बॉक्स असतो. कोणाकडे टीव्हीच्या मागे खोचलेली, इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी बोटभर लांबीची स्टिक असते. बाजूला स्पीकर असतो. प्रत्येकाचा रिमोट वेगळा!

मग एके दिवशी तक्रार सुरू होते. बटण दाबले तर कधी काम होते, कधी होत नाही. अम्मी म्हणतात, "सेल संपले असतील." भाईजान म्हणतात, "रिमोटच खराब झाला आहे, नवा आणू या." आणि शेवटी आळ येतो तो घरातल्या सर्वांत लहान मुलावर, "तूच पाडला असशील!" पैसे खर्च होतात, लहानगा बोलणी खातो, पण खरे कारण मात्र कोणीच शोधत नाही.

मुलांनो, पूर्ण बंद पडलेल्या यंत्रातील दोष शोधणे त्या मानाने सोपे असते. कधी चालणारे आणि कधी न चालणारे यंत्र मात्र फसवते. आपण तपासायला बसलो की ते नेमके चालू लागते! असा दोष कसा पकडायचा, ते पाहू या.

प्रथम आपला रिमोट कोणत्या जातीचा आहे, हे ओळखले पाहिजे. रिमोट मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक प्रकाशावर चालणारा आणि दुसरा रेडिओ लहरींवर चालणारा. पहिल्या प्रकारातून अवरक्त किरण बाहेर पडतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले, तर बटण दाबताच रिमोटच्या टोकाशी जांभळट प्रकाश लुकलुकताना बहुधा दिसतो. एका कॅमेऱ्यात दिसला नाही, तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहावे. हा रिमोट टीव्हीकडे रोखावा लागतो. मध्ये उशी आली तरी तो अडतो.

रेडिओ लहरींवर चालणारा रिमोट रोखावा लागत नाही. त्याच्या लहरी विटांच्या भिंतीतूनही पार जातात. ही गोष्ट आपल्या देशात फार पूर्वीच दाखवली गेली आहे. १८९५ मध्ये कलकत्त्याला शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी अशा अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती. बटण इकडे आणि काम तिकडे, अशी करामत लोकांनी त्या दिवशी पाहिली.

काही रिमोटमध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र असतात. स्टिकचा कार्यक्रम निवडण्याची बटणे रेडिओ लहरींवर चालतात, तर टीव्हीचा आवाज कमी-जास्त करण्याचे बटण प्रकाशावर चालते. अशा रिमोटचे आवाजाचे बटण चालत असेल आणि बाकीची चालत नसतील, तर एक गोष्ट कळते, की सेल अगदीच संपलेले नाहीत. दोष दुसरीकडे शोधला पाहिजे.

रिमोटचा हुकूम टीव्हीपर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याला चार ठिकाणांवरून जावे लागते. सेल, रिमोट, मधली हवा आणि लहर ऐकणारे यंत्र ही ती चार ठिकाणे. टपालाने पाठवलेले पत्र पोहोचले नाही, तर आपण लगेच पत्र लिहिणाऱ्याला दोष देत नाही. तसेच येथेही आहे. चारही ठिकाणी चौकशी करायला हवी.

पहिले ठिकाण सेलचे. सेल उघडून पाहिला, तर आत काळी पूड असते. तिच्यातील मुख्य पदार्थ म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. आणि गंमत अशी, की हा पदार्थ देणारी खाण याच तुमसर तालुक्यात आहे. डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते आणि ते सेल बनवणाऱ्या कारखान्यांना लागते. 'मॉइल' ही सरकारी कंपनी ही खाण चालवते. 'बुजुर्ग' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. गावाच्या नावात त्याचा अर्थ 'थोरले' असा होतो. महाराष्ट्रात इतर ठिकाणी याच शब्दाचे 'बुद्रुक' असे रूप झाले आहे.

साध्या सेलमध्ये जस्ताचे भांडे, मध्ये कार्बनची कांडी आणि भोवती ही काळी पूड असते. त्यांच्यातील रासायनिक क्रियेमुळे वीज निर्माण होते. नव्या सेलचा दाब सुमारे १.५ व्होल्ट असतो. रिमोटमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून एकूण ३ व्होल्ट मिळतात. सेल वापरून जुना झाला, की त्याची वीज पुरवण्याची ताकद कमी होते. बटण दाबल्यावर रिमोटला क्षणभर जास्त वीज लागते आणि नेमक्या त्याच क्षणी जुन्या सेलचा दाब घसरतो. थोडी विश्रांती मिळाली, की सेल काहीसा सावरतो आणि पुन्हा एक-दोन वेळा काम करतो. 'कधी चालतो, कधी चालत नाही' याचे हे एक मोठे कारण आहे.

म्हणून दोन्ही सेल एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना असे मिसळू नयेत. सेलच्या जागी असलेल्या स्प्रिंगवर पांढरा थर जमला असेल, तर त्याला हात लावू नये. तो गळलेल्या सेलमधील रसायनाचा असतो. मोठ्या माणसांना सांगून तो जुन्या ब्रशने काढून घ्यावा. काढलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात बरेच दिवस चालू शकतात, कारण घड्याळाला फारच थोडी वीज लागते.

दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द रिमोट. त्याची आणि स्टिकची ओळख करून दिलेली असते. या ओळखीमुळेच तुमच्या रिमोटने शेजाऱ्यांची स्टिक चालत नाही. कधी कधी ही ओळख पुसली जाते. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे ठरावीक बटण काही सेकंद दाबून धरले, की ती पुन्हा जुळते.

तिसरे ठिकाण म्हणजे मधली हवा. बरेचसे रेडिओ रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षाही कमी असते. ती विटांतून जाते, पण धातूतून जात नाही. आदळून परत फिरते. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, एवढेच काय, टीव्हीच्या आतला पत्रासुद्धा तिला अडवतो. स्टिक तर बिचारी टीव्हीच्या मागेच दडलेली असते! शिवाय परत फिरलेली लहर आणि सरळ आलेली लहर एकमेकींत मिसळतात. कोठे त्या एकमेकींना बळ देतात, तर कोठे एकमेकींना नाहीसे करतात. म्हणून खाटेच्या या टोकाला बसले तर रिमोट चालतो आणि थोडे सरकले, की चालत नाही.

हवेत गर्दीही असते. घरातील वायफाय, बिनतारी माऊस, ब्लूटूथ स्पीकर हे सारे त्याच पट्ट्यात बोलतात. मायक्रोवेव्ह भट्टीही जवळपास त्याच लहरींवर अन्न गरम करते. बाजारात शंभर माणसे एकदम बोलू लागली, तर शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही, तसे रिमोटचे होते. वायफायचे यंत्र स्टिकपासून दोन-तीन हात दूर ठेवले, तरी पुष्कळ फरक पडतो.

चौथे ठिकाण म्हणजे लहर ऐकणारे यंत्र. काही जण स्टिकला वीज देण्यासाठी टीव्हीच्याच यूएसबी खाचेचा उपयोग करतात. तेथून पुरेशी वीज मिळतेच असे नाही. मग स्टिक अडखळते आणि नाव मात्र रिमोटचे खराब होते. स्टिकसोबत आलेला ॲडॅप्टर वापरून पाहावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एका वेळी एकच बदल करावा आणि मोजावे. वही घ्या. नेहमीच्या जागी बसून बटण दहा वेळा दाबा आणि किती वेळा काम झाले, ते लिहा. समजा, ४ वेळा झाले. आता फक्त सेल बदला. पुन्हा दहा वेळा दाबा. समजा, ५ वेळा झाले. म्हणजे फारसा फरक नाही. आता जुनेच सेल परत घाला आणि स्टिकला छोटी जोडवायर लावून ती टीव्हीच्या मागून बाजूला काढा. या वेळी दहापैकी १० वेळा काम झाले, तर निकाल लागला! दोष सेलचा नव्हता, रिमोटचा नव्हता आणि लहान भावाचा तर मुळीच नव्हता. सेल, जागा आणि वायर एकदम बदलली असती, तर रिमोट सुधारला असता. पण कशामुळे सुधारला, हे कधीच कळले नसते.

संपलेले सेल चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. भारतात २०२२ च्या नियमांनुसार वापरलेले सेल गोळा करण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्यांवर टाकली आहे. आपण ते इतर कचऱ्यापासून वेगळे ठेवावेत. त्यातील काळी पूड कोणीतरी घाम गाळून जमिनीतून काढलेली असते, हे डोंगरी बुजुर्गच्या परिसरातील मुलांना वेगळे सांगायला नको.

मित्रांनो, आळ घेणे सोपे असते, तपास करणे कठीण असते. पण वही, पेन्सिल आणि थोडा धीर एवढे जवळ असले, तर तपास तुम्हीही करू शकता.

शब्दार्थ
आळ – खोटा आरोप
हुकूम – आज्ञा
खनिज – जमिनीतून खणून काढलेला उपयोगी पदार्थ
वीत – पसरलेल्या पंज्याची लांबी
अडखळणे – मध्येच थांबत थांबत चालणे
उकिरडा – केरकचरा टाकण्याची जागा

स्वाध्याय
१. प्रकाशावर चालणारा रिमोट कसा ओळखावा?
२. रिमोटचा हुकूम कोणत्या चार ठिकाणांवरून जातो?
३. कारणे सांगा : (अ) जुना सेल थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा काम करतो. (आ) एका वेळी एकच बदल करावा.
४. वाक्यात उपयोग करा : आळ येणे, घाम गाळणे, बोलणी खाणे.
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.