फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

आमच्या इंदुरास उन्हाळा लागला की घरोघर खिडक्यांना लोखंडी कूलर दिसू लागतात. लोखंड, पाणी आणि वीज ही तिन्ही एकाच पेटीत नांदतात. आतली एखादी तार उघडी पडली की साऱ्या पत्र्यात वीज उतरते. काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी कूलरमध्ये पाणी ओतताना वहिनींना जोराचा धक्का बसला. पायांत रबरी चपला होत्या, म्हणून निभावले. "पण फ्यूज कसा उडाला नाही?" असे जो तो विचारू लागला. त्याचे उत्तर वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

फ्यूज, किंवा हल्ली त्याच्या जागी आलेला एम.सी.बी., हा तारांचा राखणदार आहे, माणसांचा नव्हे. 5 अँपिअरचा फ्यूज त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला तरच वितळतो. माणसाचा जीव घ्यावयास मात्र त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही थोडा प्रवाह पुरतो. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

माणसाचे रक्षण दोन गोष्टी करतात. पहिली अर्थिंग. पत्र्याला जोडलेली हिरवी तार जमिनीत गाडलेल्या पट्टीपर्यंत जाते. पत्र्यात वीज उतरली की ती या सोप्या वाटेने धो धो वाहते आणि मग फ्यूज उडतो. तीन दांड्यांच्या प्लगातील जाड व लांब दांडी याच तारेची. ती काढून टाकून दोन भोकांत प्लग बसविणे म्हणजे घराचे दार काढून ठेवून कुलूप सांभाळण्यासारखे आहे! शिवाय उन्हाळ्यात माळव्याची काळी जमीन सुकून भेगाळते व अर्थिंग दुबळे होते. म्हणजे कूलर चालतो त्याच दिवसांत. यासाठी अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

दुसरी गोष्ट आर.सी.सी.बी. आत गेलेली वीज तेवढीच परत येते की नाही, याचा हिशेब हे उपकरण ठेवते. घरासाठी घ्यावयाच्या 30 मिलिअँपिअरच्या उपकरणात तेवढी तूट पडली की क्षणार्धात वीज तुटते. मात्र फेज व न्यूट्रल दोन्ही तारांना एकदम हात लागला, तर त्यालाही फरक कळत नाही. त्यावरील चाचणीचे बटण दाबून ते चालू आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे.

पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही. वायरमनने चुकून बटण न्यूट्रलवर बसविले असल्यास पंखा थांबतो, पण वीज आतच राहते. म्हणून प्लगच काढावा. कोणास धक्का बसून तो चिकटला, तर त्यास हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा.

जुन्या वाड्यांतून राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी यंदा कूलर लावण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्यास लागणारा खर्च जिवापुढे काहीच नाही.