ॲपची पूर्वचाचणी : जुन्नर-आंबेगावचा अनुभव

वैद्यवर्गाला मोबाईल ॲप आता नवे राहिलेले नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘देश का प्रकृति परीक्षण’ अभियानात आपल्यापैकी अनेकांनी ॲपच्या साहाय्याने नागरिकांचे प्रकृतिपरीक्षण केले. सव्वा कोटीहून अधिक नागरिकांची नोंद त्यात झाली. परंतु तयार ॲप वापरणे वेगळे आणि अपुरे ॲप वापरून त्यातील दोष निर्मात्यास कळविणे वेगळे. हे दुसरे काम जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आम्हा पाच वैद्यांकडे आले. त्याचा वृत्तान्त येथे देत आहोत.

निर्मात्यांच्या कार्यालयातच होते ती अल्फा चाचणी, आणि प्रकाशनापूर्वी बाहेरच्या प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून होते ती बीटा चाचणी. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांवरून नवे ॲप प्रसिद्ध करण्यापूर्वी किमान २० परीक्षकांनी ते सलग १४ दिवस वापरलेले असावे, असा नियम गूगलने केला; डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आणली. संख्या ठरली, दिवस ठरले. परीक्षक कोण असावेत हे मात्र निर्मात्यावरच सोडलेले आहे. स्नेहीसोबती मिळून बाराजण सहज होतात.

आमच्याकडे आलेले ॲप रुग्णनोंदी व औषधयोजनेचे होते. पहिला दोष द्रव्यांच्या यादीत आढळला. तेथे ‘हरीतकी’ हा एकच रकाना होता. या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून वाळवितात व विकतात. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे पडली, तेव्हा येथील कित्येक घरांचे वर्षाचे गणित कोलमडले. आठी धरण्यापूर्वीचा कोवळा बाळहिरडा आणि पक्व सुरवारी हिरडा यांची योजना आपण एकसारखी करीत नाही, हे वाचकांस सांगावयास नको. वनौषधी नावारूपाने गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. ॲपची यादी करणाऱ्याने त्यांपैकी कोणास विचारले नसावे.

प्रकृतीच्या प्रश्नावलीत ‘झोप गाढ लागते काय?’ असा प्रश्न होता. आहुपे खोऱ्यातील एक आजी म्हणाल्या, “आवणीत दिवसभर वाकल्यावर धोंड्यावर बी झोप लागती, डॉक्टर.” प्रश्न जन्मजात प्रकृतीचा, उत्तर त्या आठवड्याचे. ‘एरवी’ हा एक शब्द घालावा असे आम्ही कळविले, व तो घातला गेला.

खरा दोष पुढे निघाला, आणि त्यात आमचीही चूक होती. डिंभे धरणापलीकडच्या गावांत मोबाईलची रेंज मधूनच येई. अशा वेळी नोंद फोनमध्ये साठवावी व रेंज आल्यावर मुख्य संगणकाकडे पाठवावी, अशी ॲपची रचना होती. ती योग्यच होती. परंतु नोंद पोहोचल्याची पोच परत येण्याआधी रेंज गेली, तर ॲप तीच नोंद पुन्हा पाठवी आणि मुख्य संगणक तिला नवी समजे. एका रुग्णाच्या चिठ्ठीवर आरोग्यवर्धिनी अशी दोनदा आली. आमच्या दवाखान्यात औषधे देणाऱ्या ताईंनी विचारले, “दोन्ही वेळच्या धरून द्यायच्या का?” त्यांनी विचारले म्हणून बरे. कज्जली व ताम्रभस्म असलेला कल्प दुप्पट मात्रेत घरी गेला असता.

पुण्याच्या कार्यालयात हा दोष कधीच दिसला नसता. तेथे रेंज जात नाही. पण आठवडाभर आधी आमच्यापैकी एकाला अशीच दुहेरी नोंद दिसली होती आणि ‘चाचणीच तर आहे’ म्हणून त्यांनी ती कळविली नव्हती. चाचणी ॲपची होती, रुग्ण मात्र खरे होते. नव्या औषधाच्या बाबतीत असे म्हणण्याचे धाडस आपण केले असते काय?

उपाय साधा होता. केसपेपरवर क्रमांक आधीच छापलेला असतो, तसा प्रत्येक नोंदीला फोनवरच क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आल्यास मुख्य संगणकाने ती नोंद नवी धरू नये. निर्मात्यांनी तो केला. आम्हीही आमच्यापुरते दोन नियम केले : चाचणी संपेपर्यंत औषध कागदी केसपेपरवरूनच द्यावयाचे, आणि नव्या आवृत्तीत प्रथम काल्पनिक रुग्ण भरावयाचे.

संमतीचा विषय आम्हांस उशिरा सुचला, हे कबूल करतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. आम्ही तर रुग्णांना ॲप अपुरे असल्याचेही सांगितले नव्हते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रत्येकास सांगितले. आहुपे खोऱ्यात पुन्हा बसून केलेल्या नोंदी एकेकदाच पोहोचल्या. हिरड्याचा रकाना अद्याप एकच आहे. त्याविषयी पुन्हा लिहिले आहे. सांगितल्यावर तिघा रुग्णांनी नकार दिला. त्यांचे केसपेपर कागदावरच आहेत.