उसन्या रूपाचे यंत्रमानव

दूरदर्शनवर १९८०च्या दशकात ‘जायंट रोबोट’ पाहिलेल्या पिढीच्या मनात यंत्रमानव म्हणजे मुलाची हाक ऐकताच धावून येणारा, कधी न थकणारा रक्षक. जपानमध्ये तेव्हा वेगळ्याच घडणीचे यंत्रमानव रुजले होते. ‘फँग ऑफ द सन डूग्राम’ ही मालिका १९८१ ते १९८३ चालली. कुनिओ ओकावारा यांनी रेखाटलेला डूग्राम म्हणजे सरळसरळ युद्धाचं वाहन. डोक्याच्या जागी हेलिकॉप्टरसारखी काचेची केबिन, आत चालक, खांद्यावर तोफ. टाकारा कंपनीने त्याचे प्लॅस्टिकचे किट काढले. चौकटीतून भाग कापायचे, कडा घासायच्या, मग जोडायचे. केबिनच्या पारदर्शक तुकड्यावर गोंदाचा एक थेंब पडला, की काच कायमची धुरकट.

शिकागोच्या फासा कंपनीने १९८४मध्ये ‘बॅटलड्रॉइड्स’ हा पटावरचा खेळ आणला, तेव्हा खोक्यात डूग्राम मालिकेतल्या दोन यंत्रमानवांचे किट होते; नावं मात्र नवी, शॅडो हॉक आणि ग्रिफिन. ‘ड्रॉइड’ शब्दाला ‘स्टार वॉर्स’च्या जॉर्ज लुकास यांच्याकडून हरकत आली आणि १९८५पासून खेळ ‘बॅटलटेक’ झाला. इतर रूपं ‘मॅक्रॉस’सारख्या मालिकांतून आली.

रूप उसनं असलं, तरी खेळाचा जीव अस्सल आहे आणि तो आहे उष्णतेच्या हिशेबात. खेळातल्या सत्तर टनी वॉरहॅमर या यंत्रमानवाचंच घ्या. दोन्ही हातांतल्या तोफा एकदम डागल्या की उष्णतेचे २० गुण, चालण्याचा १. थंड करण्याची ताकद १८. उरलेले ३ पेन्सिलीने मांडायचे. पुढच्या फेरीत तेच केलं तर ६, आणि यंत्राची चाल मंदावते. तीसवर ते बंदच पडतं. डागावं की थांबावं, हा पेच दर फेरीला पडतो. ओकावारांच्या त्या वाहनाला शोभणारा हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

मॅक्रॉसच्या चित्रांवरून, त्यांच्यावर हक्क सांगणाऱ्या हार्मनी गोल्ड कंपनीशी फासाचा वाद कोर्टात गेला. १९९६च्या तडजोडीनंतर वॉरहॅमर, मरॉडर ही नावं आणि आकडे पुस्तकांत राहिले, चित्रं गेली. खेळाडूंनी त्यांना ‘अनसीन’ म्हटलं. हार्मनी गोल्डचा पुढचा दावा २०१८मध्ये निकाली निघाला आणि नव्याने रेखाटलेली ही यंत्रं आज पटावर आहेत. रेखाटनं देखणी आहेत. तरीही १९८४च्या खोक्यातले ते दोन किट कुणाकडे न जोडलेले असतील, तर त्यांनी ते जोडावेत आणि खेळावं.