क्लचचा लोअर सिलिंडर घरच्या घरी

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल आणि क्लच यांना जोडणारी तार नसते, तिचे काम तेल करते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलला रेटतो. तो दाब नळीतून गिअरबॉक्सच्या कडेला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोचतो. तिथला दट्ट्या सरकतो, पुशरॉड क्लचच्या फोर्कला ढकलतो आणि इंजिनपासून गिअरबॉक्स सुटतो. गॅरेजच्या भाषेत मास्टरला ‘अप्पर’ आणि स्लेव्हला ‘लोअर’ म्हणतात, आणि पार्टच्या दुकानातही त्याच नावाने मागणी होते.

मारुती 800 सारख्या छोट्या गाड्यांना तारेचा क्लच, त्यामुळे त्यांच्या मालकांना हा प्रश्नच नाही. पुण्याच्या टाटा कारखान्यातून 1994 साली बाहेर पडलेली सुमो मात्र हायड्रॉलिक क्लचची. चोपड्यातून जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांचे रस्ते यांसारख्या मार्गांवर असल्या गाडीचा क्लच दिवसभर दाबला जातो: प्रवासी घ्यायला थांबा, पुढे निघा, पुन्हा थांबा. त्यात उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल. लोअरच्या तोंडावरचे रबरी बूट फाटले की धूळ-पाणी आत शिरते, सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज चढतो आणि त्यावर घासून दट्ट्याचे रबर कापले जाते. ब्रेक ऑइल स्वतःही हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते बदलायचे विसरले तर गंज आतूनही लागतो.

लक्षणे ओळखायला सोपी असतात. रिव्हर्स टाकताना करकर वाजते, गिअर अडतो, पेडल पोकळ लागते, दोन-तीनदा पंप केल्यावरच दाब येतो. ब्रेक ऑइलच्या टाकीतले तेल उतरत असेल तर लोअरचे बूट बोटाने उचलून पाहावे. आत ओल असेल तर दोष तिथेच आहे. ओल नसेल आणि पेडल हळूहळू खाली बसत असेल तर संशय अप्परवर घ्यावा. कधी त्याचे तेल पेडलवरून चालकाच्या पायाशी उतरते. इंजिन गुरगुरते पण गाडी ओढत नाही, ही तक्रार बहुधा क्लचप्लेटची असते. त्यासाठी लोअर बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. काही नव्या गाड्यांत हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तिथे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा ते काम गॅरेजचेच.

नुसते रबरांचे किट घालून काम भागवण्याची पद्धत जुनी आहे. आतली भिंत गुळगुळीत असेल तर ते टिकते. नखाला खड्डे लागत असतील तर नवे रबरही लवकरच कापले जाते. अशा वेळी पूर्ण सिलिंडर घेणे शेवटी स्वस्त पडते. जुना नमुना दुकानात नेऊन भोक, बोल्टची जागा आणि पुशरॉडची लांबी जुळवून घ्यावी.

गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून उभी करावी. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, घोडी लावावी. नळीचा नट सिलिंडर जागेवर घट्ट असतानाच सैल करावा, नंतर पकड मिळत नाही. नटाचे कोपरे झिजले तर सगळे काम अडते, म्हणून साध्या पान्याऐवजी नळीच्या नटाचा खास पाना वापरावा. मग बोल्ट काढून सिलिंडर पुशरॉडसह उतरवावा. या अवस्थेत कोणी पेडल दाबू नये. सांडलेले ब्रेक ऑइल रंग उडवते; पत्र्यावर पडले तर लगेच पाण्याने धुवावे. नवा सिलिंडर बसवताना नट आधी हाताने फिरवावा, म्हणजे आटे चुकत नाहीत. तांब्याचे वायसर असतील तर तेही नवे घालावेत.

पान्याचे काम तासाभरात उरकते. खरी कसोटी हवा काढण्याची. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत एक बुडबुडा राहिला तरी पेडलची ताकद त्यातच जिरते. टाकीत कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे, म्हणजे डॉट 3 किंवा डॉट 4, सीलबंद डब्यातले नवे तेल भरावे. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबर फुगते. लोअरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने आत बसून पेडल पंप करून दाबून धरावे, खालच्याने निपल किंचित सोडावा, बुडबुडे निघाले की आवळावा, आणि मगच पेडल सोडायला सांगावे. हा क्रम उलटला तर हवा परत आत ओढली जाते. मध्येच टाकी रिकामी झाली तर सगळे पहिल्यापासून. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. तिथे तेल संपू दिले तर ब्रेकमध्येही हवा शिरू शकते, हे जास्त धोक्याचे. बुडबुडे थांबत नसतील तर पुशरॉड हाताने सावकाश आत दाबून पाहावा. अडकलेली हवा वर टाकीकडे सरकते.

शेवटी पेडलचा मोकळा खेळ पुस्तिकेप्रमाणे लावावा. इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण दाबून, क्षणभर थांबून रिव्हर्स टाकावा. आवाज न होता पडला तर काम जमले. पुढचे काही दिवस टाकीतली पातळी आणि नटाभोवतीची ओल पाहत राहावी. नव्या लोअरचा पूर्ण दाब आल्यावर थकलेला अप्पर गळू लागतो, हे जुन्या गाड्यांत नेहमीचेच. म्हणून दोन्ही एकदम बदलण्याचा मेकॅनिकचा आग्रह दर वेळी धंद्यापोटीच असतो असे नाही.