भांडी वाजली की किल्लारी आठवते

आमच्या वसाहतीत किल्लारी भागातून आलेल्या एक मावशी राहतात. रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि मांडणीवरची भांडी वाजली की त्या दचकून उठायच्या, नातवंडांना ओढत दाराकडे धावायच्या. “बाहेरची बाधा आहे, देवऋषीकडे न्या,” असा सल्ला शेजारी द्यायचे.

बाधा कसली? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात भूकंप झाला. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, हजारो माणसे गाडली गेली. मावशींच्या घरातलीही गेली.

आम्ही कारकून माणसे. कचेरीत कागदावर तारीख नसली तर तो कोणत्या फायलीत लावायचा कळत नाही. जीवघेण्या प्रसंगाच्या आठवणीचे असेच होते. त्या क्षणी मेंदूतला भीतीचा भाग जोरात काम करतो आणि स्थळकाळ नोंदवणारा भाग मागे पडतो, असे शास्त्रज्ञ मानतात. आवाज, वास, अंधार खोल कोरले जातात. ‘हे घडून गेले’ ही नोंद मात्र नीट होत नाही. म्हणून तसाच आवाज आला की सगळे आत्ताच घडते आहे असे वाटते. छाती धडधडते, घाम फुटतो. अपघात, दंगल, आग, बलात्कार, घरातली मारहाण यांतून गेलेल्यांनाही हा त्रास होतो. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांच्या यादीत त्याची नोंद केली.

बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही झोप उडत असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टर गाठावा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

घरच्यांनी “विसरून जा” म्हणू नये. आठवण दाबली की अधिक उसळते. खोदून खोदून विचारूही नये. त्रास सुरू झाला की नावाने हाक मारावी, आज वार कोणता, आपण कुठे आहोत ते शांतपणे सांगावे.

मावशींसोबत आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. उपचाराला महिने लागले. आता भांडी वाजली की त्या आधी खिडकीतून रस्ता पाहतात आणि नातवाला सांगतात, “ट्रक हाय रं, दुसरं काय न्हाई.”