तडजोड हवी, पण बरोबरीची

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ आदिवासी तालुके. भात, नागली आणि वरई ही येथील पिके. आणि पावसाळा सरला की रोजगारासाठी घाटाखाली उतरणे हा अनेक कुटुंबांचा वर्षक्रम. अशा मुलखातील ग्राहकाची तक्रार सहसा लहान रकमेची असते. बियाणे उगवले नाही, नवा भ्रमणध्वनी महिन्याभरात बंद पडला, न जाळलेल्या विजेचे देयक आले, अशा त्या तक्रारी. रक्कम लहान खरी; पण ज्या घरातून ती गेली, त्या घराचे ते महिन्याचे धान्य असते.

अशाच ग्राहकासाठी कायदा झाला, असे म्हटले जाते. ते खोटे नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २०१९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला आता दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे, असेही नाही.

तथापि कायद्याची स्वस्ताई आणि न्यायाची स्वस्ताई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोखाड्याच्या माणसाला जव्हार, विक्रमगड, मनोर करीत जिल्ह्याचे ठिकाण गाठावयाचे, तर दिवसाची मजुरी बुडते आणि बसभाडे वेगळे. त्यात पुढची तारीख पडली की दाव्याच्या रकमेहून दाव्याचा खर्च अधिक होतो. तक्रार संगणकावरून दाखल करण्याची सोय आहे, हे खरे. परंतु त्यासाठी लिहिता येणारा माणूस आणि टिकणारी विद्युत्‌जोडणी या दोन्ही गोष्टी लागतात.

म्हणूनच न्यायासनाबाहेर वाद मिटविण्याचे मार्ग येथे सर्वांत महत्त्वाचे ठरतात, आणि ते कमी नाहीत. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून तक्रार सांगता येते. विजेच्या तक्रारीसाठी २००३ च्या कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल दिला आहे. बँकेच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतीला वैधानिक स्थान दिले. २०१९ च्या कायद्याने तर ग्राहक आयोगालाच मध्यस्थी कक्ष जोडला: तडजोडीची शक्यता दिसली आणि दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली, की प्रकरण मध्यस्थाकडे जाते, तेथे जमले नाही, तर आयोगापुढील सुनावणी पुढे चालू होते.

येथे एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. तडजोड ही बरोबरीच्या माणसांत होते. खेड्यात माल विकणारा दुकानदारच पुष्कळदा उधारीही देतो. आषाढात घरातले धान्य संपले की त्याच्याच पायरीवर जावे लागणार, हे ग्राहक जाणून असतो. अशा वेळी ‘मिटवून टाका’ या शब्दांचा अर्थ ‘गप्प बसा’ असा होतो. मालकाचा शब्द हाच न्याय, या रीतीविरुद्ध १९४५ मध्ये शेजारच्या तलासरी-उंबरगाव भागातील वारल्यांना उठाव करावा लागला, हे विसरून चालणार नाही. शिवाय बोलणी लांबवीत ठेवणे हाही एक डाव असतो. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि बोलणी चालू आहेत म्हणून ती आपोआप थांबत नाही. लोकअदालतीतील निवाड्यावर तर अपीलच नाही. तेव्हा न समजता उठविलेला अंगठा कायमचा बांधून टाकतो.

उपाय कायद्यातच आहे. हे दोन्ही तालुके १९८५ च्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने वाद मिटविण्याची रूढ पद्धत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला मान्य केला. गावबाजाराची व्यवस्था आणि आदिवासींना होणाऱ्या सावकारीवरील नियंत्रण हेही पंचायत व ग्रामसभेच्या अधिकारांत गणले. बाजाराचा वाद बाजाराच्या गावीच मिटविण्यासाठी याहून भक्कम पाया कोणता? ग्रामसभेने तक्रारीची नोंदवही ठेवावी. मध्यस्थाचा व्यापाऱ्याशी देण्याघेण्याचा संबंध नसावा. ठरलेली गोष्ट मराठीत लिहून दोघांना वाचून दाखवावी. आयोगाच्या मध्यस्थी कक्षानेही ठराविक दिवशी जव्हार आणि मोखाडा येथे बैठक घ्यावी. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. परिषदेचे काम सल्ल्याचे असले, तरी एवढी एक शिफारस तिने अवश्य करावी.

परंतु कोणतीही मध्यस्थी पावतीशिवाय उभी राहत नाही. पावती न देणे हा २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारप्रथेचाच प्रकार ठरविला आहे. मात्र मागितल्याशिवाय ती मिळत नाही आणि मागण्याची सवय अंगी नाही. ही सवय लावणे शिक्षकांच्या आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती आहे. शाळेत शुद्धलेखनाबरोबर एक तक्रार-अर्ज लिहून घेतला, बियाण्याच्या पिशवीवरील तारीख वाचावयास शिकविली आणि रिकामी पिशवी पीक येईतो जपून ठेवावयास सांगितले, तर घरातील थोरांचा पक्ष बळकट होईल. ज्याच्या हाती पुरावा आहे आणि ज्याला आयोगाचे दार उघडे असल्याचे ठाऊक आहे, त्यानेच केलेली तडजोड ही तडजोड होय. बाकीच्यांची ती शरणागती ठरते.