नेमबाजीतील रायफलचे वजन व समतोल

नेमबाजीतील रायफलचे वजन व समतोल हा क्रीडा-नेमबाजीच्या तंत्राचा एक महत्त्वाचा भाग आहे. रायफलचे एकूण वजन किती असावे आणि त्यातील जादा वजन नळीच्या कोणत्या भागी किंवा दस्त्याच्या कोणत्या टोकाला बसवावे, हे ठरवताना नेमबाजाची शरीरयष्टी, नेम धरण्याची स्थिती आणि स्पर्धेचे नियम या तिन्हींचा विचार करावा लागतो.

बफर आणि समतोल-वजने

स्वयंभरणी रायफलमध्ये गोळी सुटताच आतील खटका वेगाने मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत सारतो. काही रचनांत खटक्याच्या मागे बफर नावाचा वजनदार भाग असतो व तो या धावेची गती आवरतो. क्रीडा-नेमबाजीतील समतोल-वजनांचा त्याच्याशी संबंध नाही. ऑलिंपिक स्पर्धेतील ५० मीटर रायफलमध्ये प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते, त्यामुळे तिच्यात आवरण्याजोगी धावच नसते. भारतात विनापरवाना अग्निशस्त्र बनवणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा असून २०१९ च्या सुधारणेनंतर त्यासाठी किमान सात वर्षे ते आजन्म कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे परदेशात घरी जुळवलेल्या रायफलींसाठी बफरच्या वजनाची जी चर्चा चालते, तिला येथे व्यवहारात स्थान नाही.

धक्क्याचे गणित

जड रायफल धक्का कमी देते, म्हणून नेम चांगला लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. .२२ काडतुसातील गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते व ती सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार केवळ गोळीचा हिशेब केला, तर ५ किलोग्रॅमची रायफल सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटर आणि ८ किलोग्रॅमची सुमारे ११ सेंटिमीटर वेगाने मागे येते. ७.६२ मिलिमीटर लष्करी रायफलीची ९.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटर वेगाने सुटते, तेव्हा साडेचार किलोग्रॅमच्या रायफलीचा हाच वेग पावणेदोन मीटरच्या पुढे जातो. त्या मानाने .२२ चा धक्का क्षुल्लक आहे. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल अर्धा मिलिमीटरही मागे सरकलेली नसते.

मग जादा वजन लागते कशासाठी? नेम धरताना होणारी थरथर कमी करण्यासाठी. ५० मीटर लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. मागची फट आणि पुढची माशी यांतील अंतर एक मीटर धरले, तर माशीचे टोक ०.१ मिलिमीटर हलताच गोळी ५ मिलिमीटर बाजूला जाते. (पुढच्या नेमखुणेला ‘माशी’ म्हणणाऱ्याने तिचा आकार आणि चंचलपणा दोन्ही अचूक हेरले होते.)

दोरीवरून चालणारा डोंबारी हातात लांब काठी आडवी धरतो. तिची टोके दूर असल्यामुळे ती सहज कलत नाही आणि त्याला तोल सावरायला वेळ मिळतो. नळीच्या टोकाशी बसवलेले वजन हेच काम करते. पुढच्या हातापासून २० सेंटिमीटरवर असलेले २०० ग्रॅम वजन ६० सेंटिमीटरवर नेले, तर त्याचा हाताला जाणवणारा भार तिप्पट होतो, पण वळण्यास होणारा त्याचा विरोध नऊपट वाढतो. वजन किती यापेक्षा ते कोठे, हा प्रश्न म्हणूनच अधिक मोलाचा ठरतो.

स्थितीनुसार निवड

उभ्या स्थितीत पुढचा कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकवून रायफल स्नायूंऐवजी हाडांच्या आधाराने पेलली जाते. येथे पुढचे वजन सर्वाधिक उपयोगी पडते, पण ते अति झाले तर धड मागे झुकवून तोल साधावा लागतो व पाठीच्या कण्यावर ताण येतो. पालथ्या स्थितीत रायफल पट्ट्याच्या आधाराने स्थिर असते. तेथे पुढे वजन वाढवले की पट्टा दंडाला अधिक आवळतो आणि नाडीचा ठोका माशीवर दिसू लागतो. गुडघ्यावरील स्थितीची गरज या दोहोंच्या मधली असते.

निवड करताना आधी दस्ता व गाल टेकवायचा भाग शरीराला बेताचा करून घ्यावा, मगच वजनाकडे वळावे. गुरुत्वमध्य कोठे आहे ते रायफल बोटावर तोलून पाहता येते. एका वेळी ५० ते १०० ग्रॅमच बदल करावा. पहिल्या दहा गोळ्यांवरून निष्कर्ष काढणे फसवे असते. खरी कसोटी शेवटच्या दहा गोळ्यांत, हात थकल्यावर लागते. वाढत्या वयाच्या मुलांना थोरांची मांडणी जशीच्या तशी देण्याची प्रथा मात्र त्याज्य मानली पाहिजे. गुण तात्पुरते वाढतात आणि पाठीचे दुखणे मागे राहते.

नियम आणि महाराष्ट्रातील परंपरा

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर रायफलचे वजन ५.५ किलोग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही. पुरुषांच्या ५० मीटर रायफलसाठी ही मर्यादा ८ किलोग्रॅम आहे आणि तीत हाताच्या टेकूसारखी जोडसाधनेही मोजली जातात.

मुंबईत वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे या नेमबाज घडल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर पालथ्या स्थितीच्या प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. दीपाली देशपांडे यांचे शिष्य, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. या प्रकारातील ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक होय. अंतिम फेरी गुडघ्यावरील, पालथ्या आणि उभ्या अशा क्रमाने होते. पहिल्या दोन स्थितींनंतर कुसाळे पाचव्या स्थानावर होते. तिसऱ्या स्थानाची चढाई त्यांनी उभ्या स्थितीत केली.